आल्बनीचा ‘पट्रून्स’ संघ : एका कनिष्ठ बास्केटबॉल-पथकाचा वृत्तांत

थोरांचीं दप्तरें राखलीं जातात आणि लहानांचे कागद वाण्याच्या पुड्यांस जातात, हा अनुभव या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. सरदारांच्या हकीकती बखरींतून येतात. पण त्यांच्या स्वाऱ्यांत राबलेल्या पथक्यांचें नांव सांपडलेंच तर तें कोणा दुसऱ्याच्या जमाखर्चांत, एखाद्या ओळींत सांपडतें. प्रस्तुत लेखांत आम्हीं असेंच एक पथक घेतलें आहे. तें मराठ्यांच्या इतिहासांतलें नाहीं आणि लढाईचेंहि नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यूयॉर्क संस्थानची राजधानी जें आल्बनी शहर, तेथील धंदेवाईक बास्केटबॉल-खेळाडूंचा तो एक संघ होय. विषय दूरचा आहे हें खरें. परंतु या संघाच्या नांवांत वलंदेजी अमलांतील एक जमीनदारी दडलेली आहे. आणि त्याचा वृत्तांत ज्या रीतीनें बहुधा सांगण्यांत येतो, ती रीत इतिहास या दृष्टीनें अपुरी आहे असें आमचें मत आहे. त्या रीतीप्रमाणें हा संघ म्हणजे जणूं एक धर्मशाळा. अमुक थोर पुरुष येथें उतरला, तमुक येथून पुढें गेला, एवढेंच सांगावयाचें. धर्मशाळा कोठें होती, कोणत्या व्यवस्थेवर चालली व कां मोडली, हे प्रश्न तसेच राहतात.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें रचला. हिंवाळ्यांत तरुणांस छपराखालीं खेळतां यावें एवढाच त्याचा हेतु होता. पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगून त्यांत चेंडू टाकावयाचा, म्हणून हें नांव. फार थोड्या खेळांचा जन्म इतक्या निश्चितपणें सांगतां येतो. पुढें त्याचा धंदा झाला. शहराशहरांच्या संघांनीं ठराविक हंगामांत एकमेकांशीं सामने खेळून शेवटीं अजिंक्यपद ठरवावयाचें, अशा मंडळास लीग म्हणतात. त्यांत अव्वल दर्जाची ती नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एन्. बी. ए.; आणि तिच्या खालच्या लीगांस तिकडे ‘मायनर’ म्हणजे कनिष्ठ असें विशेषण लावतात.

हें विशेषण मात्र जपून घेतलें पाहिजे. आल्बनीचा संघ ज्या कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनमध्यें, म्हणजे सी. बी. ए.मध्यें होता, ती लीग मूळची पेनसिल्व्हेनियांतली. ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया बास्केटबॉल लीग या नांवानें ती २३ एप्रिल १९४६ रोजीं स्थापन झाली. विल्क्स-बॅरी, हेझलटन, आलनटाउन, रेडिंग अशीं तिचीं गांवें. त्यांपैकीं पहिलीं दोन कोळशाच्या खाणींच्या मुलखांतलीं. एन्. बी. ए. ज्या संस्थेपासून आपलीं वर्षें मोजते, ती बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही ६ जून १९४६ ची. कनिष्ठ शब्दाचा मूळ अर्थ वयानें सर्वांत धाकटा असा आहे. येथें कनिष्ठ म्हटलेली लीग थोरलीहून सहा आठवड्यांनीं वडील निघते! दुसरीहि एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. एन्. बी. ए.च्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू १९५० सालीं प्रथम आले. ईस्टर्न लीगच्या हेझलटन संघांत ते १९४६-४७ च्या पहिल्याच हंगामांत होते. कॉन्टिनेंटल हें भारदस्त नांव या लीगनें १९७८ सालीं घेतलें.

या लीगच्या गुणपद्धतीचा खुलासा येथेंच केलेला बरा, कारण जुन्या वर्तमानपत्रांतील तक्ते वाचणाऱ्याचा तीमुळें घोटाळा होतो. सामन्याचे चार पाद असतात. सी. बी. ए.मध्यें सामना जिंकणाऱ्या संघास तीन गुण मिळत, आणि शिवाय प्रत्येक पाद ज्यानें जिंकला त्यास एकेक गुण मिळे. असे एका सामन्याचे एकूण सात गुण होत. हरलेला संघहि दोन-तीन गुण पदरांत पाडून घरीं जाई, आणि हातचा गेलेला सामनासुद्धां शेवटच्या पादांत नेटानें खेळला जाई. क्रम या गुणांवर लागे, विजयांच्या संख्येवर नव्हे. कागदावरील सन सुहूर कीं हिजरी हें न ठरवितां तारीख लावणाऱ्याची जी गत होते, तीच हे तक्ते नेहमींच्या हिशेबानें वाचणाऱ्याची होते.

आतां नांवाकडे वळूं. ‘पट्रून’ हा शब्द डचांचा, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांचा. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती तेच हे लोक. परंतु वेंगुर्ल्याची कंपनी पूर्वेच्या व्यापाराची आणि आल्बनीची पश्चिमेच्या, हा भेद लक्षांत ठेवावा. या पश्चिमेच्या कंपनीनें हडसन नदीच्या कांठीं १६२४ सालीं फोर्ट ऑरेंज नांवाची गढी बांधली. तिच्याभोंवतीं जी वस्ती झाली तीच १६६४ सालीं इंग्रजांच्या हातीं गेल्यावर आल्बनी झाली. मुलूख मोठा आणि माणूस थोडें, म्हणून १६२९ सालीं कंपनीनें एक सनद काढली. जो कोणी चार वर्षांत पन्नास प्रौढ माणसें नेऊन वसवील त्यास नदीकांठची विस्तीर्ण जमीन वंशपरंपरा मिळावी, तेथें न्यायनिवाड्याचा अधिकार त्याजकडे असावा, आणि वसणाऱ्या रयतेस दहा वर्षें करमाफी असावी, असें तींत होतें. अशा सनदी मालकास पट्रून म्हणत. पडीक जमिनीवर इस्ताव्याचा कौल देऊन कुळें आणणाऱ्या आपल्याकडील वतनदारांची आठवण येथें झाल्यावांचून राहात नाहीं. शब्द मूळचा लॅटिन. ‘पातेर्’ म्हणजे बाप, आपल्या ‘पितृ’ शब्दाचा सगोत्र. त्यापासून ‘पात्रोनुस्’ म्हणजे पालक, आणि त्याचेंच हें डच रूप. ध्वनिसाम्यावर भुलून ‘पाटील’ शब्दाशीं याचा संबंध कोणी जोडूं नये. तो ‘पट्टकिल’ शब्दापासून आलेला असून त्याचें कुळ अगदीं निराळें आहे.

या सनदेवर टिकलेलें मोठें वतन एकच : आल्बनीच्या भोंवतालचें रेन्सेलरस्वाइक. त्याचा मूळ पुरुष किलियान व्हान रेन्सेलर हा आम्स्टरडॅमचा हिरेमोत्यांचा व्यापारी. हा गृहस्थ अमेरिकेस कधीं गेलाच नाहीं. घरीं बसून पत्रांनीं कारभार चालवी. राज्य इंग्रजांचें झालें, मग प्रजासत्ताक झालें, तरी घराण्याकडील जमीन कायम राहिली. कुळांनीं सालोसाल ठराविक गहू द्यावा, चार पुष्ट कोंबड्या द्याव्या आणि एक दिवस गाडी-घोड्यांसह वेठ करावी, अशा धर्तीचे करार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालले. १८३९ सालीं त्या वेळचा पट्रून स्टीफन व्हान रेन्सेलर मेला, वारसांनीं थकलेली बाकी वसूल करण्यास आरंभ केला, आणि कुळें उठलीं. हा खंडविरोधी बंडावा अनेक वर्षें चालला. शेवटीं न्यूयॉर्क संस्थानच्या १८४६ च्या घटनेनें असल्या सरंजामी करारांस बंदी घातली. तें नांव पुढें दीडशें वर्षांच्या आंत त्याच शहरच्या खेळाडूंनीं हौसेनें छातीवर मिरवावें, ही काळाची गंमत आहे. १९४९ च्या खोती-निर्मूलनाच्या कायद्यानंतर कोंकणांतल्या एखाद्या संघानें ‘खोत’ हें नांव घ्यावें, तसेंच हें झालें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांसाठीं येथें थोडें विषयांतर करतों. व्हान रेन्सेलराच्या कागदांचें इंग्रजी भाषांतर आल्बनीच्या सरकारी ग्रंथसंग्रहालयांतील आर्नोल्ड व्हान लेर या विद्वानानें १९०८ सालीं छापून काढलें. पुढें २९ मार्च १९११ रोजीं राजधानीच्या सरकारी वाड्यास आग लागून तें ग्रंथसंग्रहालय जळालें. लाखों पुस्तकें व हस्तलिखितें गेलीं. व्हान लेरचीं तयार होत आलेलीं पुढचीं भाषांतरें राख झालीं. परंतु जुन्या डच अमदानीचे मूळ कागद पुष्कळसे वांचले, कारण ते फळ्यांच्या खालच्या बाजूस ठेवलेले असून वरच्या इंग्रजी कागदांनीं आग आपल्या अंगावर घेतली. पट्रूनांचा इतिहास आज लिहितां येतो तो या कृपेनें.

याच्या उलट प्रकार न्यूयॉर्क शहराच्या प्रख्यात ‘निक्स’ संघाचा. निक्स म्हणजे निकरबॉकर. आल्बनीच्या बाजूस या नांवाचें डच घराणें खरोखरच होतें. पण शब्दास जी कीर्ति मिळाली ती वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाच्या लबाडीनें. १८०९ सालीं त्यानें वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या कीं, निकरबॉकर नांवाचा एक वृद्ध गृहस्थ उतरला होता त्या खाणावळींतून नाहींसा झाला असून त्याच्या खोलींत एक हस्तलिखित सांपडलें आहे. मग तें हस्तलिखित म्हणून त्यानें आपलाच विनोदी ‘इतिहास’ छापला. असल्या बनावट बखरी आपल्याकडेहि ठाऊक आहेत. फरक इतकाच कीं अर्व्हिंगची लोकांस आवडली. थोरल्या संघाचें नांव अशा कल्पित बखरकारापासून आलेलें, आणि कनिष्ठ संघाचें अस्सल सनदेपासून. संशोधकानें कोणास मान द्यावा हें सांगणें नको.

पट्रून्स संघ सी. बी. ए.मध्यें १९८२ सालीं उभा राहिला. त्याचें ठिकाण म्हणजे वॉशिंग्टन रस्त्यावरील शस्त्रागार. १८९० च्या सुमारास आयझॅक पेरी या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून संस्थानच्या पलटणीसाठीं बांधलेली ही विटांची, बुरुजांची इमारत. आंतल्या कवायतीच्या चौकांत लाकडी तक्तपोशी घालून खेळाची जागा केलेली. आगीनंतर सरकारी ग्रंथसंग्रहालय ज्या नव्या इमारतींत १९१२ सालीं नेलें, ती इमारतहि याच रस्त्यावर आहे. पहिला प्रशिक्षक डीन मेमिंजर. तो हंगाम पुरा होण्यापूर्वींच दूर झाला, आणि १९८३ च्या जानेवारींत फिल जॅक्सन यांच्या हातीं संघ आला. दोघेहि १९७३ सालीं अजिंक्य ठरलेल्या निक्स संघांतले जुने सोबती. जॅक्सन यांनीं पूर्वीं कोठेंहि मुख्य प्रशिक्षकाचें काम केलें नव्हतें.

जॅक्सन यांचीं साडेचार वर्षें सर्वांत अधिक ठाऊक आहेत, कारण पुढें ते स्वतः थोर झाले व त्यांनीं आत्मनिवेदन लिहिलें. त्यांतील एकच गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. सर्व खेळाडूंस सारखाच पगार द्यावा असें त्यांनीं व्यवस्थापकांकडून ठरवून घेतलें, आणि खेळण्याचा वेळहि सर्वांस जवळजवळ सारखा वांटून दिला. लहान गाडींतून बर्फाच्या रस्त्यांनीं गांवोगांव जावयाचें, गाडी पुष्कळदां प्रशिक्षकानेंच हांकावयाची, आणि प्रत्येक खेळाडूच्या मनांत थोरल्या लीगकडून बोलावणें केव्हां येतें हा एकच जप; अशा मंडळींत एकमेकांविषयींचा मत्सर हाच पहिला शत्रु असतो. त्याची मुळी अशी तोडली. १९८४ सालीं वायोमिंग वाइल्डकॅटर्स या संघास हरवून पट्रून्सनीं पहिलें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९८५ सालीं जॅक्सन लीगमधील उत्तम प्रशिक्षक ठरले. १९८७ सालीं ते गेले. शिकागो व लॉस एंजेलिस येथें त्यांनीं पुढें मिळविलेल्या अकरा अजिंक्यपदांची कथा या लेखाच्या कक्षेंत येत नाहीं.

त्यांच्या जागीं आलेले बिल मसलमन निराळ्या प्रकृतीचे. टॅम्पा बे व रॅपिड सिटी येथें ‘थ्रिलर्स’ संघास त्यांनीं १९८५ पासून लागोपाठ तीन अजिंक्यपदें मिळवून दिलीं होतीं. आल्बनीस येतांच १९८७-८८ च्या हंगामांत संघानें ५४ पैकीं ४८ सामने जिंकले आणि अंतिम फेरींत पुन्हां वायोमिंगलाच हरविलें. १९८९ सालीं मिनेसोटाचा नवा संघ एन्. बी. ए.मध्यें उतरला तेव्हां त्याचे पहिले प्रशिक्षक मसलमनच होते. मग जॉर्ज कार्ल आले; १९८८-८९ चा एक हंगाम व मध्यें स्पेनला जाऊन आल्यावर १९९०-९१ चा दुसरा. जॅक्सन शिडीच्या पहिल्या पायरीवर होते, कार्ल शिडीवरून पडून पुन्हां पहिल्या पायरीशीं आले होते, एन्. बी. ए.च्या दोन संघांचें प्रशिक्षकपद त्यांच्या हातून पूर्वींच गेलेलें. या दुसऱ्या हंगामांत पट्रून्सनीं ५६ पैकीं ५० सामने जिंकले, आणि घरच्या मैदानावरचे २८ च्या २८. इतकें होऊनहि अजिंक्यपद विचिटा फॉल्स येथील टेक्सन्स संघाकडे गेलें.

येथें या लीगची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. एन्. बी. ए.च्या संघास हंगामाच्या उत्तरार्धांत एखादा खेळाडू कमी पडला म्हणजे त्यास बाहेरील खेळाडू दहा दिवसांच्या करारावर घेतां येतो. हा करार आणखी एकदां दहा दिवसांनीं वाढवितां येतो; त्यानंतर त्या खेळाडूस उरलेल्या हंगामासाठीं ठेवावें किंवा सोडून द्यावें, असा नियम आहे. सी. बी. ए.चे संघ स्वतंत्र. पगार, प्रवास, तिकिटांची विक्री सर्व त्यांचें त्यांनीं पाहावयाचें. परंतु वरून बोलावणें आलें कीं खेळाडू जाणार हें गृहीतच. टोनी कॅम्पबेल १९८८ च्या वसंतांत आल्बनीहून लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघांत गेला आणि त्याच वर्षीं त्यांच्या अजिंक्यपदाचा भागीदार झाला. मारिओ एली १९९०-९१ च्या ऐन हंगामांत गोल्डन स्टेट संघांत गेला. पुढें त्यानें ह्यूस्टनकडून दोन व सॅन अँटोनिओकडून एक अशीं तीन अजिंक्यपदें पाहिलीं. १९९० व १९९१ या दोन्ही वर्षीं लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला व्हिन्सेंट आस्क्यू हाहि गोल्डन स्टेटलाच गेला. म्हणजे संघ जितका चांगला, तितकीच त्याची गळती अधिक. ज्या शेताचें पीक उत्तम त्याच शेतावर राघू उतरतात.

आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर हे शिलेदारी पथक होतें. घोडा, हत्यार, दाणावैरण ज्याची त्याची. मोहिमेपुरतें सरकारांत बोलावणें. एन्. बी. ए.नें पुढें २००१ सालीं स्वतःची कनिष्ठ लीग काढली, जिचें नांव २०१७ पासून जी लीग झालें. तिचे बहुतेक संघ थोरल्या संघांच्या मालकीचे किंवा त्यांच्या तंत्रानें चालणारे, आणि कांहीं खेळाडूंशीं तर करारहि थोरला संघच करतो. ही सरकारी पागा झाली आणि खेळाडू बारगीर झाला. पागेंत दाणा वेळेवर मिळतो, आणि खेळाडूच्या दृष्टीनें व्यवस्था बरीच सुधारली आहे, याबद्दल वाद नाहीं. पण शिलेदारास स्वतःचें निशाण असतें. आल्बनीच्या लोकांनीं शस्त्रागारांत बसून जयघोष केला तो पट्रून्सचा. दुसऱ्या कोणा शहरच्या संघाच्या राखीव फळीचा नव्हे. कनिष्ठ संघाचा इतिहास लिहितांना हें निशाण विसरून फक्त वर गेलेल्यांची यादी देणें, म्हणजे धन्याच्या जमाखर्चावरून चाकराचें चरित्र लिहिण्यासारखें आहे.

मोड कसा आला तें थोडक्यांत सांगतां येतें. १९९० सालीं शहराच्या मध्यभागीं सुमारें पंधरा हजार प्रेक्षकांचें निकरबॉकर अरीना हें नवें क्रीडागृह उघडलें आणि संघ शस्त्रागार सोडून तेथें गेला. पट्रूनानें निकरबॉकरच्या घरीं भाड्यानें राहावें, हें नांवांच्या अभ्यासकास खटकतेंच. पण खरी अडचण व्यवहाराची होती. शस्त्रागारांत गर्दी वाटे तेवढेच लोक नव्या क्रीडागृहांत विरळ दिसूं लागतात. कार्ल गेल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १९९२ सालीं, संघाचें नांवहि गेलें. त्याचें ‘कॅपिटल रीजन पॉन्टिॲक्स’ असें बारसें झालें, तें पॉन्टिॲक मोटारींवरून. पॉन्टिॲक हा मूळ ओडावा जमातीचा सरदार; १७६३ सालीं त्यानें इंग्रजांविरुद्ध उठून डेट्रॉइटच्या किल्ल्यास वेढा घातला होता. जमिनी बळकावणाऱ्यांचें नांव जाऊन जमिनीसाठीं लढलेल्याचें आलें, असें कोणास वाटेल. परंतु आलें तें मोटारीच्या टपावर बसून. एका हंगामानंतर, १९९३ सालीं, संघ कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें नेण्यांत आला. तेथें ‘हेलकॅट्स’ या नांवानें खेळून १९९५ सालीं तो बंद पडला.

लीगचाहि शेवट दूर नव्हता. १९९९ सालीं आयझाया थॉमस या प्रख्यात माजी खेळाडूनें सबंध सी. बी. ए. विकत घेतली, आणि २००१ च्या फेब्रुवारींत, हंगाम चालू असतांनाच, ती बंद झाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत तिचें पुनरुज्जीवन झालें व २००९ पर्यंत ती कशीबशी चालली. या दुसऱ्या आयुष्यांत २००५ सालीं आल्बनीस पट्रून्स हें नांव परत आलें, आणि तें परत शस्त्रागारांतच आलें. प्रशिक्षक होता मायकेल रे रिचर्डसन, जो मसलमन यांच्या १९८८ च्या अजिंक्य संघांत स्वतः खेळला होता. लीग संपली तसा हा संघहि संपला.

२०१८ सालीं नॉर्थ अमेरिकन प्रीमियर बास्केटबॉल या नव्या लीगमध्यें तिसऱ्यांदा पट्रून्स उभे राहिले. पुढच्या वर्षीं या लीगचें नांव ‘द बास्केटबॉल लीग’ असें झालें, आणि त्याच २०१९ सालीं तिचें अजिंक्यपद आल्बनीनें मिळविलें. त्या वेळीं संघाचा प्रशिक्षक डेरिक रोलंड हा होता. जॅक्सन यांच्या हाताखालीं १९८४ चें अजिंक्यपद मिळविणाऱ्यांतला हा एक. थोरल्या लीगकडून त्यासहि बोलावणें आलें होतें. १९८५-८६ च्या हंगामांत तो मिलवॉकी संघाकडून दोन सामने खेळला आणि आल्बनीस परत आला.